सीपीचा हाफ सेल: कोणता घ्यावा, कोणता परत करावा

जमिनीत पुरलेल्या तेल-गॅसच्या पाइपलाइनला गंजापासून वाचवायला कोटिंगवर खर्च होतो, आणि सीपीसाठी (कॅथोडिक प्रोटेक्शन, म्हणजे पाइपला डीसी प्रवाह देऊन गंज रोखणं) टीआर युनिट, म्हणजे तो प्रवाह देणारा ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायर, बसतं, अॅनोड पुरायला ग्राउंड बेड खणला जातो. हे सगळं कामाला येतंय का, याचं उत्तर मात्र देतो वीतभर लांबीचा एक प्लास्टिकचा नळा, म्हणजे हाफ सेल. आत तांब्याची कांडी, भोवती मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) निळं द्रावण, तळाला सच्छिद्र प्लग. टेस्ट लीड पॉइंटवर, म्हणजे पाइपला जोडलेली वायर जिथे वर काढलेली असते तिथे, मीटर जे मिलिव्होल्ट दाखवतो ते पाइप आणि हा नळा यांच्यातल्या फरकाचे असतात. म्हणजे नळा चुकला की पाइपचं रीडिंगही तेवढ्यानं चुकलं, आणि मीटर कितीही महागडा असला तरी त्याला ते कळत नाही.

पोर्टेबल कॉपर सल्फेट हाफ सेल बाजारात साधारण तीन घाटांचे मिळतात. पहिला, पूर्ण पारदर्शक अॅक्रिलिकचा नळा आणि लाकडी प्लग. हा सगळ्यात स्वस्त. दुसरा, अपारदर्शक किंवा गडद बॉडी, आतलं दिसावं म्हणून एका बाजूला अरुंद पट्टी, तळाला सिरॅमिकचा प्लग. तिसरा, आत जेल भरलेला सीलबंद नग. आमचं मत स्पष्ट आहे: रोजच्या पीएसपी (पाइप-टू-सॉइल पोटेन्शियल, म्हणजे पाइप आणि माती यांतला व्होल्टेजचा फरक) रीडिंगसाठी दुसरा घ्या, आणि तोही असा की ज्याचा प्लग आणि वरची टोपी हातानं फिरवून उघडते आणि ज्याचे प्लग, ओ-रिंग, कांडी सुटे मिळतात. एम. सी. मिलर, टिंकर अँड रेझर या अमेरिकी कंपन्यांच्या नगांना सीपीवाल्यांत मान आहे त्याचं एक कारण हे सुटे भागच. देशी नगांतही चांगले आहेत, पण तिथे एकाच विक्रेत्याकडच्या दोन खेपांतही फरक निघतो. म्हणून नाव बघून घेण्यापेक्षा हातात घेऊन तपासावा.

एवढी काटेकोरी कशासाठी, तर स्वीकाराची रेषा फार बारीक आहे. १९२८ साली न्यू ऑर्लिन्समध्ये रॉबर्ट कुन यांनी गॅसच्या पाइपलाइनला रेक्टिफायर जोडून जे काम केलं, त्यातून उणे ८५० मिलिव्होल्टचा निकष (पाइपचं रीडिंग निदान एवढं उणे हवं) पुढे आला आणि तो आजही चालतो. हा आकडा कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेतला आहे. जमिनीत सल्फेट खाणारे जिवाणू असतील तर निकष उणे ९५० वर जातो. उलट्या बाजूला, टीआर बंद केल्या क्षणीचं रीडिंग उणे १२०० च्या पलीकडे गेलं तर कोटिंग सुटायला लागण्याची भीती. या खिडकीच्या काठावर बसलेल्या पॉइंटसाठी २० मिलिव्होल्ट म्हणजे पास आणि नापास यांतलं अंतर. आणि हाफ सेल बिघडला तर २० मिलिव्होल्ट सहज जातात.

बॉडीपासून सुरुवात करू, कारण पारदर्शक नळा दुकानात सगळ्यात देखणा दिसतो. निळं द्रावण, खाली बसलेले स्फटिक, कांडी, सगळं एका नजरेत. पण तांबं आणि मोरचूद ही जोडी प्रकाशाला दाद देते. कांडीवर थेट ऊन पडलं की पोटेन्शियल १० ते ५० मिलिव्होल्टपर्यंत सरकतं. दुकानात हे कळत नाही, रानात दुपारी कळतं. घरी तपासायचं असेल तर प्लास्टिकच्या मगात नळाचं पाणी घ्या, दोन सेल त्यात उभे करा, दोन्हींच्या टर्मिनलला मीटर जोडून मिलिव्होल्ट डीसीवर ठेवा. सावलीत आकडा बघा. त्यानंतर एक सेल काळ्या कापडात गुंडाळा आणि पाण्याचा तो मग दोन्ही सेलसकट उन्हात ठेवा. आकडा जेवढा लगेच हलला, तेवढी त्या बॉडीतून प्रकाशाची गळती आहे असं धरा. उन्हात फार वेळ ठेवू नका, नाहीतर नळा तापून तापमानाचा फरक त्यात मिसळेल. पारदर्शक सेल आधीच घेतलेला असेल तर फेकायची गरज नाही: काळी पीव्हीसी इन्सुलेशन टेप पूर्ण गुंडाळा आणि स्फटिक दिसतील एवढी बोटभर उभी फट ठेवा. रीडिंग घेताना ती फट स्वतःच्या सावलीकडे.

तापमानाचा हिशेब वेगळा आहे आणि तो चांगल्यातल्या चांगल्या सेललाही लागू होतो. २५ अंशाला हा इलेक्ट्रोड हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत सुमारे अधिक ३१६ मिलिव्होल्टवर असतो आणि दर अंशाला साधारण ०.९ मिलिव्होल्टनं वर चढतो. विदर्भात मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला सेल ४५ अंशाला पोहोचला, तर तो १८ मिलिव्होल्ट वर गेला. अशा सेलनं उणे ८४० चा पाइप उणे ८५८ दिसेल, आणि नापास पॉइंट पास म्हणून नोंदला जाईल. म्हणून सेल सावलीत, ओल्या फडक्यात ठेवा, आणि रीडिंगच्या रकान्यात तापमान लिहा. अपारदर्शक बॉडी काळीच असली पाहिजे असं नाही. पांढरी किंवा राखाडी जाड पीव्हीसी प्रकाशही अडवते आणि तापतेही कमी. आम्हाला तीच बरी वाटते.

आता प्लग. आमच्या मते या वस्तूची सगळी किंमत तिच्या तळाला असते. लाकडी प्लग ओला असतो तोवर ठीक. दोन दिवस कोरडा राहिला की आक्रसतो, कडेनं चीर पडते आणि द्रावण पाझरण्याऐवजी ठिबकायला लागतं. सिरॅमिक प्लगची पाझर सारखी राहते, पण दगडावर आपटला तर कोपरा उडतो आणि काळ्या मातीत त्याची छिद्रं बुजतात. तुटका प्लग लगेच बदला. बुजलेला प्लग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून, नायलॉनच्या ब्रशनं घासून एकदा वाचवता येतो, दुसऱ्यांदा नाही. नवा प्लग घेतला तर आधी रात्रभर मोरचुदाच्या संपृक्त द्रावणात बुडवून ठेवायचा. कोरडा प्लग बसवून लगेच रानात गेलं की मीटर अस्थिर दिसतो आणि लोक केबलला दोष देत बसतात.

प्लगच्या आकाराबद्दल दोन मतं ऐकू येतात, दोन्ही आपापल्या जागी खरी. सपाट रुंद प्लगचा मातीशी संपर्क मोठा, रोधन कमी. मऊ, ओलसर जमिनीवर आणि काँक्रीटवर ओला स्पंज ठेवून रीडिंग घ्यायला तो उत्तम. निमुळता प्लग गवतातून, मुरमातून खाली शिरतो. शहरातल्या गॅसच्या स्टील लाइनवर बहुतेक पॉइंट पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा झाडाच्या आळ्यात असतात, तिथे निमुळताच चालतो. डांबरावर कुठलाही प्लग ठेवू नका. बाजूला उघडी माती शोधा किंवा डांबराला मातीपर्यंत भोक पाडून त्यात पाणी ओतून रीडिंग घ्या.

कोरड्या मातीत काय होतं याचा आकडा बघा. साधारण डिजिटल मीटरचं इनपुट रोधन १० मेगाओहम. प्लग आणि भेगाळलेल्या कोरड्या जमिनीत संपर्काचं रोधन १ मेगाओहम झालं, तर खरं उणे ९०० चं रीडिंग मीटरवर उणे ८१८ दिसतं. पाइपला काही झालेलं नाही, सेलला काही झालेलं नाही, फक्त पाणी ओतलेलं नाही. मराठवाड्यात, सोलापुराकडे उन्हाळ्यात वरचा कोरडा थर कुदळीनं बाजूला सारा, भेग टाळून जागा निवडा, अर्धा लिटर पाणी ओता, पाच मिनिटं थांबा आणि सेल उभा धरून थोडा फिरवत दाबा. आणखी पाणी ओतल्यावर किंवा जोर दिल्यावर आकडा बदलत असेल तर आधीचा आकडा खोडा. जागा मात्र पाइपच्या बरोबर वर हवी, सोयीची म्हणून मीटरभर बाजूला नको.

भरण्याचं काम सोपं आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त घाण आत जाते. दर १०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरला ६० ग्रॅम मोरचूद घ्या. २० अंशाला एवढ्या पाण्यात सुमारे ३२ ग्रॅम स्फटिक विरघळतात, ४० अंशाला ४४ ते ४५ ग्रॅम. थंडीच्या सकाळी पुरेसे वाटलेले स्फटिक मे महिन्याच्या दुपारी संपून जातात, म्हणून ६०. तळाला न विरघळलेले स्फटिक सतत दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर द्रावण संपृक्त आहे याला पुरावा नाही आणि त्या दिवशी सेल वापरू नका. नळाचं पाणी, बोअरचं पाणी अजिबात नको, त्यात क्लोराइड असतं. मोरचूद प्रयोगशाळेच्या शुद्धतेचं घ्या. नाशिक-सांगलीकडे द्राक्षबागेच्या बोर्डो मिश्रणासाठी कृषी केंद्रात मिळतं ते फवारणीला ठीक, हाफ सेलला नाही. त्यात लोह आणि इतर क्षार किती आहेत हे पाकिटावरून कळत नाही.

कांडी साफ करताना स्टील वूल आणि एमरी कापड दूर ठेवा. त्यांचे कण तांब्यात रुततात आणि कांडीवर दुसरा धातू बसला की पोटेन्शियल बदललं. साधा बारीक सँडपेपर घ्या, कांडी गुलाबी चकचकीत होईपर्यंत घासा, डिस्टिल्ड वॉटरनं धुवा, नंतर बोट लावू नका. विकत घेताना टोपी उघडून एक गोष्ट जरूर बघा: द्रावणाला फक्त तांबंच लागतंय का. काही स्वस्त नगांत कांडी पितळी बोल्टनं टोपीला आवळलेली असते आणि सेल आडवा झाला की द्रावण त्या बोल्टपर्यंत पोहोचतं. असा नग तिथल्या तिथे परत करावा. ओ-रिंग नसलेली टोपीही तशीच. महिन्याभरात टर्मिनलभोवती हिरवा थर जमतो, मगरीच्या क्लिपला पकड मिळत नाही आणि रीडिंग उड्या मारतं.

जेलच्या सेलबद्दल आम्हाला आक्षेप आहे. सांडत नाही, आडवा ठेवला तरी चालतो, प्रवासाला सोयीचा, हे मान्य. पण आत स्फटिक आहेत का दिसत नाही, कांडी काढून घासता येत नाही, आणि एकदा क्लोराइड आत गेलं की अख्खा नग बाद. वर्षातून दोनदा रीडिंग घेणाऱ्या छोट्या टँक फार्मसाठी तो चालेल. रोज रानात फिरणाऱ्या टीमनं तो घेऊ नये.

क्लोराइडचा मुद्दा कोकण किनाऱ्यावर सगळ्यात जड जातो. उरण-पनवेलच्या खाजणात, मिठागरांच्या कडेनं लाइन जाते तिथे प्लगमधून खारं पाणी हळूहळू आत शिरतं. द्रावणात क्लोराइड ५,००० पीपीएम झालं की सुमारे २० मिलिव्होल्टची चूक, १०,००० झालं की सुमारे ९५. समुद्राच्या पाण्यात ते १९,००० च्या आसपास असतं, यावरून धोका कळावा. चुकीची दिशाही वाईट आहे: पाइप खरा आहे त्यापेक्षा कमी सुरक्षित दिसतो. उणे ९०० चा पाइप उणे ८०५ दिसला की ऑपरेटर टीआरचा टॅप (आउटपुट) वाढवतो, पुढच्या रीडिंगला आणखी वाढवतो, आणि पाइप जादा संरक्षणात जाऊन कोटिंग उचललं जातं. निळं द्रावण हिरवट किंवा गढूळ दिसलं तर संपूर्ण ओता, कांडी घासा, प्लग बदला, नवं भरा. खाजणात काम असेल त्या आठवड्यात रंग बदलायची वाट न बघता हे करा. पाण्यातच रीडिंग घ्यायचं असेल तर सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड वापरा. त्याच्यावर उणे ८५० चा निकष समुद्राच्या पाण्यात उणे ८०० होतो, हे नोंदवहीत इलेक्ट्रोडच्या नावासकट लिहिलं नाही तर पुढचा माणूस तो पॉइंट नापास ठरवेल.

तपासणीसाठी एक सेल मास्टर म्हणून वेगळा ठेवावा. तो रानात कधीच न्यायचा नाही, ऑफिसात अंधाऱ्या कपाटात उभा राहायचा. सकाळी निघण्याआधी प्रत्येक कामाचा सेल त्याच्यासोबत पाण्याच्या मगात उभा करून फरक बघायचा. ५ मिलिव्होल्टच्या आत असेल तर निघा. ५ ते १० मध्ये असेल तर द्रावण आणि प्लग बघा. १० च्या वर गेला तर कांडी घासून नव्यानं भरल्याशिवाय तो बाहेर काढू नका. दोन सेल एकमेकांशी जुळतात म्हणून दोन्ही बरोबर, असं समजू नका. एकाच बाटलीतल्या खराब द्रावणानं भरलेले दोन सेल छान जुळतात. मास्टरचं द्रावण वेगळ्या बाटलीतून भरायचं ते याचसाठी. एका टीमला दोन कामाचे सेल, एक मास्टर, चार सुटे प्लग, ओ-रिंगची दोन जोडी, अर्धा किलो मोरचूद आणि पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर, एवढं स्टोअरमध्ये असलं की काम अडत नाही.

सीआयपीएस (पाइपवरून चालत जवळजवळ रीडिंग घ्यायचा सर्व्हे) करणाऱ्यांना हे जुळणं अधिकच लागतं. दोन काठ्यांच्या टोकाला दोन सेल, आणि पाइपवरून चालत मीटर-दोन मीटरवर एकेक टेकवत जायचं. सेलमध्ये ८ मिलिव्होल्टचा फरक असेल तर आलेखावर करवतीचे दात उमटतात आणि कोटिंगमधला लहान दोष त्यात हरवून जातो. डीसीव्हीजीत (मातीतल्या डीसी व्होल्टेजच्या उतारावरून कोटिंगमधले दोष शोधायचा सर्व्हे) तर मोजायचा ग्रेडियंटच काही मिलिव्होल्टचा असतो. काठीच्या कामाला सेल निवडताना खालची आट्यांची जोडणी घट्ट बसते का आणि हजारदा टेकल्यावर प्लग ढिला होतो का हे बघा. इथे जाड सिरॅमिक प्लग टिकतो, लाकडी नाही.

जोडणीची एक बारीक गोष्ट: पाइपची वायर मीटरच्या व्होल्टच्या सॉकेटला, सेलची वायर कॉमला. मग रीडिंग उणे चिन्हासह येतं आणि तसंच लिहायचं. चिन्ह गाळून लिहायची सवय अनेक साइटवर आहे. जिथे स्ट्रे करंट (दुसरीकडून मातीत भरकटत आलेला प्रवाह) असतो तिथे आकडा खरोखर अधिक बाजूला जाऊ शकतो, आणि चिन्ह नसलेल्या नोंदवहीत तो धोका दिसतच नाही.

दिवसाचं काम संपलं की प्लग धुवून ओल्या स्पंजाची टोपी लावा आणि सेल उभा ठेवा. टोपीशिवाय आलेला नग घेऊ नका. रात्रभरात प्लगच्या छिद्रांत मोरचूद सुकून बसतं. लोखंडी टूलबॉक्समध्ये ठेवू नका, सांडलेलं द्रावण पान्यावर तांब्याचा लाल थर चढवतं आणि खालचं लोखंड खातं. महिनाभर वापर नसेल तर रिकामा करून, धुवून, कोरडा ठेवा. काढलेलं द्रावण ओढ्यात, विहिरीत, शेताच्या चारीत ओतायचं नाही. मोरचूद माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतं. कॅनमध्ये साठवून प्लांटच्या घातक कचऱ्यात द्या, हातात मोजे घाला.

कायम पुरून ठेवायचे हाफ सेल हा वेगळा माल आहे. जिप्सम-बेंटोनाइटच्या पिशवीतले हे नग पुरण्याआधी पाण्यात भिजवायचे, पाइपच्या जवळ पण अॅनोडपासून लांब ठेवायचे, आणि माती दाबण्याआधी मास्टरशी जुळवलेल्या कामाच्या सेलशी ताडून तो आकडा टेस्ट बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहायचा. टीआरच्या ऑटो मोडला जोडलेला असा सेल भरकटला तर युनिट त्याच्या मागे व्होल्टेज खालीवर करत राहतं. म्हणून वर्षातून निदान एकदा टीआर बंद ठेवून, पोर्टेबल सेल बरोबर त्याच्या डोक्यावर उभा करून फरक बघावा. खाऱ्या जमिनीत कॉपर सल्फेटचा कायम सेल पुरू नये. तिथे जस्ताचा घ्यावा, आणि जस्ताच्या तुलनेत उणे ८५० चा निकष अधिक २५० मिलिव्होल्ट होतो, हे त्याच झाकणावर लिहून ठेवावं.